मीटरची पसंती

गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी तीन वर्षं खपून आपलं पहिलं जेट बांधलं आणि बॅटऱ्यांपाशी येऊन त्या अडल्या. जेट म्हणजे माणसाच्या उंचीएवढं मॉडेल. पोटात खरंखुरं टर्बाइन, तेही रॉकेल पिणारं, आणि उडवायचं जमिनीवर उभं राहून, हातातल्या रिमोटने. असलं यंत्र एकदा सुटलं की मिनिटाला चार-पाच किलोमीटर कापतं. त्याला मधेच वीज कमी पडली तर पुढे काय होईल याचा विचार करून बाईंनी हा प्रश्न स्वतःच्या हिमतीवर सोडवला नाही. त्या मीटरकडे गेल्या.

मीटर पोटापाण्यासाठी लिफ्ट दुरुस्त करायचा. वीस वर्षं तो लोकांच्या इमारतींत शिरून विहिरीसारख्या काळोख्या खोबणींत उतरत होता, आणि वीस वर्षांत त्याने एकही गोष्ट 'अंदाजे' केली नव्हती. मॉडेल विमानं उडवणाऱ्यांच्या क्लबात कुणी म्हणालं की बॅटरी ठणठणीत आहे, तर हा खिशातून मापायचं यंत्र काढणारच. म्हणून तो मीटर. तोंडाने फटकळ, हसायला महाग, पण त्याने हो म्हटलेल्या बॅटरीवर विमान उडवायला कुणी कचरत नसे.

"लिफ्टला दोर किती असतात?" त्याने बाईंना विचारलं.

"एक असेल. मला काय माहीत?"

"एक असता तर तुम्ही जिन्याने गेला असता. चार-पाच असतात. तसं इथेही. रिमोटचा हुकूम ऐकणारा रिसीव्हर आणि पंख हलवणाऱ्या मोटारी, यांना दोन बॅटऱ्या. एक मेली तर दुसरीवर विमान घरी आणायचं. इंजिनाची तिसरी, ती वेगळी. ती पंप चालवते, टर्बाइन पेटवते. तिच्यावर बाकी काही लटकवायचं नाही."

मग त्याने कागद ओढला. बाईंच्या विमानाचं नाक हलकं होतं, तोल साधायला तिथे शिसं भरावं लागणार होतं. मीटर म्हणाला, शिसं कशाला वाहायचं, तेवढ्याच वजनाच्या मोठ्या बॅटऱ्या नाकात ठेवा. इंजिनाला त्याने लिथियम-आयर्नची बॅटरी सांगितली. आकाराने थोराड, पण फुगत नाही आणि पेटायला आळशी. रिसीव्हरसाठी गोल सेलांचे पॅक, एका पॅकमध्ये चार सेल.

"आणि लेबलवरचा आकडा वाचायचा नाही," तो म्हणाला. "लेबल कुणीही छापतं. भार लावून बघायचं, किती टिकतं ते."

"मग आणायच्या कुठून?"

"दाजींकडून. दुसरीकडे कुठे?"

दाजी म्हणजे मीटरच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बाजारपेठेच्या रस्त्यावर त्यांचं बॅटऱ्यांचं दुकान होतं. घड्याळापासून टर्बाइनपर्यंत सगळ्याच्या बॅटऱ्या तिथे मिळायच्या. माणूस मोठा गोड. गिऱ्हाईक आत आलं की आधी त्याच्या घरच्या म्हाताऱ्यांची चौकशी, मग कामाचं बोलणं. त्यांची एक सवय मात्र मीटरला पहिल्यापासून नको वाटायची. लहान चौकोनी बॅटरी जिवंत आहे की नाही हे ते जिभेचं टोक लावून बघायचे, 'चावते, चावते' म्हणायचे आणि शर्टाला पुसून तीच गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचे. गिऱ्हाइकं हसायची. मीटर दुसरीकडे बघायचा.

क्लबातले सगळे दाजींकडूनच बॅटऱ्या घेत. दाराशी एक निळं पिंप होतं. मेलेल्या, फुगलेल्या बॅटऱ्या लोक त्यात आणून टाकायचे, कारण दाजींनी सांगितलं होतं की त्या नीट विल्हेवाटीसाठी पुढे पाठवल्या जातात. मीटरही टाकायचा. तो स्वतः सेल जोडून पॅक बनवत असे. प्रत्येक सेलवर हिरव्या शाईने 'म' आणि आकडा लिहायचा, म्हणजे कुठला सेल कधी दमला ते कळावं. दमलेले सेल त्या पिंपात.

दोन महिन्यांपूर्वी दाजींनी त्याला विचारलं होतं, की जेटवाल्यांना कुठला पॅक सुचवू? मीटरने चांगल्या सेलांचं नाव सांगितलं होतं. पुढच्या खेपेला गेला तेव्हा काउंटरवर नवे पॅक मांडलेले, काळ्या चकचकीत आवरणातले, आणि प्रत्येकावर पिवळी पट्टी: 'मीटरची पसंती'. त्याला जरा संकोच वाटला आणि, खोटं कशाला बोला, बरंही वाटलं. त्याने कसली हरकत घेतली नाही.

तर त्यातले दोन पॅक त्याने बाईंसाठी उचलले आणि सुटीच्या सकाळी घरच्या टेबलावर भार लावून बघायला बसला.

लेबल म्हणत होतं, साठवण सहा हजार मिलिअँपिअर-तास. पहिला पॅक साडेतीन हजारांतच गळाठला. मीटरला वाटलं आपलीच तार सैल असेल. तार बदलली. दुसरा पॅक लावला. भार दिल्याबरोबर त्याचं व्होल्टेज असं खाली आलं, जसा एखादा माणूस पोतं उचलताच गुडघ्यात बसावा. चार सेलांपैकी दोन बरे, दोन पार म्हातारे. नव्या पॅकमध्ये असं होत नाही. नव्या पॅकमधले सेल जुळ्या भावंडांसारखे वागतात.

त्याने कात्रीने काळं आवरण कापलं. आत निळं आवरण होतं, नवंकोरं. तेही सोलून काढलं. उघड्या पत्र्यावर कुणीतरी काहीतरी घासून पुसल्याची खूण होती, पण शाई पत्र्याच्या खाचेत थोडी राहिली होती. हिरवी. 'म ७'.

स्वतःचंच अक्षर. दोन वर्षं वापरून, पार चोथा झाल्यावर त्याने जो सेल टाकून दिला होता तोच धुऊनपुसून, नवे कपडे घालून, त्याच्याच नावाची पट्टी लावून परत त्याच्या टेबलावर आला होता. आपल्याच तोंडातला घास ताटात पडावा आणि कुणी तो उचलून, नीट मांडून पुन्हा आपल्याला वाढावा, तसं त्याला झालं. त्याने बोटं साबणाने धुतली. मग परत धुतली.

दुपारी तो दुकानात गेला. दाजी कुठेतरी बाहेर गेले होते. काउंटरवर कुणी नव्हतं, मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. एरवी तो तिकडे कधी गेला नव्हता. दार ढकललं तसा एक गोड, डोक्यात चढणारा वास आला, नखांचा रंग काढायच्या पाण्याचा असतो तसा.

खोलीला खिडकी नव्हती. मधोमध एक लांब टेबल, त्याच्यापाशी घड्याळकाका बसलेले. काका पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. नजर उतरली तसं ते काम गेलं आणि दाजींनी त्यांना ठेवून घेतलं होतं. सगळ्या पेठेत त्याबद्दल दाजींचं नाव निघायचं. काकांच्या पुढ्यात फुगलेल्या चपट्या बॅटऱ्यांचा ढीग होता. मेलेल्या माशांची पोटं फुगतात तशा त्या टम्म झाल्या होत्या.

"ये, ये," काका म्हणाले. "दाजींचा मेव्हणा ना तू? बस."

"हे काय करताय?"

काकांना विचारणारं बहुधा कुणी भेटत नसावं. ते उत्साहाने सांगू लागले. सुईने कडेला बारीक भोक पाडायचं. हवा बाहेर येते, तेव्हा तोंड बाजूला करायचं. मग भोकावर टेप, मग दोन फळ्यांमध्ये ठेवून वर वजन. दिवसभरात सपाट होते. त्यावर नवं आवरण, गरम हवेचा झोत, की झाली नवी.

"बघ, कळतंय का?" त्यांनी एक तयार बॅटरी मीटरच्या हातात दिली. खरंच कळत नव्हतं. काकांच्या बोटांची टोकं लालभडक होती आणि कातडीचे पापुद्रे सुटले होते. बोलता बोलता ते खोकायचे, त्याच हाताने तोंड पुसायचे आणि पुन्हा सुई उचलायचे.

"काका, हे पेटेल एखाद दिवशी."

"दोनदा पेटलं," काका सहज म्हणाले. "वाळूची बादली ठेवलीय."

मीटर बाहेर आला आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून त्याने श्वास घेतला. तेवढ्यात दाजी आले. खांद्यावर हात टाकून म्हणाले, "काय मेव्हणेबुवा, चेहरा का उतरला? आत या."

मीटरने खांद्यावरचा हात काढला आणि 'म ७' त्यांच्यासमोर धरला. दाजींनी सेल उजेडाकडे करून पाहिला. ओशाळतील, रागावतील, निदान नाकारतील असं त्याला वाटलं होतं. दाजी हसले.

"काका हल्ली नीट पुसत नाहीत," ते म्हणाले.

"दाजी, हे लोकांच्या विमानात जाणार आहे."

"अरे, लोक आठवड्यातून दहा मिनिटं उडवतात. त्याला कोवळे सेल कशाला लागतात? माणूस साठीला आला म्हणून आपण फेकून देतो का? काकांना मी दिला ना आसरा? तसाच सेलांनाही देतो." स्वतःच्या बोलण्यावर खूश होऊन त्यांनी मीटरच्या पाठीवर थाप मारली. "आणि तुझे सेल आहेत म्हणून तर पट्टी खोटी नाही. मीटरची पसंती. होती की नाही एकेकाळी?"

मीटरला त्या हसण्याची शिसारी आली. ओठांच्या कडेला जमलेली ती थुंकी, ते गोड डोळे. याच माणसाच्या घरी तो दर आठवड्याला जेवत होता. हाच माणूस आग्रह करकरून त्याला वाढत होता. तो निघाला आणि सरळ ताईकडे गेला.

ताई स्वयंपाकघरात ओटा पुसत होती. त्याने सगळं सांगितलं. ती पुसत राहिली, ओटा लखलखीत झाला तरी.

"तुला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"वास माहीत होता," ताई म्हणाली. "त्यांच्या शर्टांना येतो. कितीही धुतला तरी जात नाही. मी विचारलं नाही."

"मी उद्या क्लबात सांगणार."

ताईने फडकं पिळलं. "आठ दिवस दे मला. मी बोलते त्यांच्याशी. बाहेरून कळलं तर माणूस उभा राहणार नाही पेठेत. मी कुठे तोंड लपवू? आठच दिवस."

लहानपणी आई आजारी असताना याच बहिणीने त्याला वाढवलं होतं. मीटर नाही म्हणू शकला नाही. त्याने डॉक्टरीणबाईंना तेवढं कळवलं की ते पॅक बिघडलेले आहेत, वापरू नका, मी दुसरीकडून मागवतो. बाकी कुणाला काही बोलला नाही. आपण तोंड दाबून बसलोय हे त्याला रोज, लिफ्टच्या खोबणीत उतरताना, दोर तपासताना आठवायचं. तोंडाला सारखी कडू चव. मनाची समजूत तो अशी घालायचा की आठवडाभरात कोण कशाला नवी बॅटरी घेईल.

दंतवैद्याने घेतली. आठ दिवसांची मुदत संपायला एक दिवस होता. क्लबच्या मैदानावर रविवारी सगळे जमले होते. दंतवैद्य म्हणजे क्लबातला सर्वांत हौशी माणूस. त्याचं लाल जेट धावपट्टीच्या टोकाला उभं होतं. दाजीही आले होते, नेहमीसारखे, सगळ्यांसाठी थंड पाण्याच्या बाटल्या घेऊन. मीटर उशिरा पोचला, तेव्हा टर्बाइनची शिट्टी चढलेली होती.

"बॅटऱ्या कुठल्या घातल्यास?" त्याने धापा टाकत विचारलं.

"तुझ्याच," दंतवैद्य रिमोटवरची नजर न काढता म्हणाला. "पिवळ्या पट्टीवाल्या. दोन्ही."

"थांब, उडवू नकोस."

पण टर्बाइनच्या आवाजात ते कितपत ऐकू गेलं कोण जाणे. जेट सुटलं. पहिली फेरी सुरेख झाली. दुसऱ्या फेरीला दंतवैद्याने खालून, वेगात, एका कुशीवर झुकवून जोराचं वळण घेतलं. अशा वळणात पंखांच्या सगळ्या मोटारी एकदम जोर लावतात आणि बॅटरीकडून एकदम वीज मागतात. दोन्ही पॅक एकाच ढिगातले. एक बसला तेव्हा दुसऱ्याने त्याला धरायला हवं होतं, दुसराही त्याच्याबरोबर बसला. रिमोटने टीं टीं केलं. दंतवैद्य रिमोटच्या काड्या ओढत राहिला आणि विमान त्याचं काही न ऐकता, झुकलेलं तसंच, कुंपणापलीकडे पंपाच्या शेडवर गेलं.

शेडपाशी मैदानमामा होते. मामा क्लबचं गवत कापायचे, धावपट्टी झाडायचे, पाण्याची टाकी भरायचे. त्यांना विमानांत काडीचा रस नव्हता. आवाज ऐकून ते बाजूला झाले म्हणून वाचले, पण रॉकेल उडालं आणि भडका झाला. पाण्याचा पाइप बंद करायला म्हणून मामांनी हात पुढे केला होता. तो कोपरापर्यंत भाजला.

सगळ्यांत आधी धावले ते दाजी. लोक अजून तोंडावर हात ठेवून उभे होते तोवर दाजींनी स्वतःच्या बाटल्यांचं पाणी मामांच्या हातावर ओतलं, आपला शर्ट काढून ओला करून सावली धरली, मामांना उचलून कुणाच्या तरी गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. गाडीतही मामांचा दुसरा हात धरून बसले. मीटर विमानाच्या विझलेल्या सांगाड्याकडे गेला. नाकाकडचा भाग निम्मा शिल्लक होता. वितळलेल्या काळ्या आवरणाखाली निळं आवरण, आणि बाजूला पिवळ्या पट्टीचा करपलेला तुकडा. 'पसंती' एवढंच वाचता येत होतं. त्याने तो पॅक रुमालात गुंडाळला. हाताला तोच गोड वास लागला.

दवाखान्याच्या लांब ओसरीत सगळे बसले होते. दंतवैद्य ओंजळीत डोकं धरून म्हणत होता, "माझाच अंगठा चुकला. वळण फार ओढलं मी." दाजी उघड्या अंगावर दवाखान्याची चादर घेऊन त्याच्या शेजारी बसले होते आणि त्याची पाठ चोळत होते.

"असं होतं रे," दाजी म्हणत होते. "मनाला लावून घेऊ नकोस. यंत्र आहे."

क्लबचे अध्यक्ष म्हणाले, "दाजी, तुम्ही नसता तर आज काही खरं नव्हतं."

मीटरला ते पाठ चोळणं बघवेना. तो उभा राहिला. रुमाल सोडून त्याने बाकावर ठेवला आणि दंतवैद्याच्या रिमोटमध्ये उतरलेली नोंद सगळ्यांना दाखवली. वळणात व्होल्टेज सात पॉइंट आठवरून चार पॉइंट एकवर आलं होतं.

"अंगठा चुकला नाही," तो म्हणाला. "बॅटऱ्या मेलेल्या होत्या. आपण पिंपात टाकतो त्याच. दाजी त्यांना नवं आवरण घालून आपल्यालाच विकतात. मागच्या खोलीत घड्याळकाका फुगलेल्या बॅटऱ्यांना भोकं पाडतात. मी डोळ्यांनी पाहिलंय."

दाजींचा हात दंतवैद्याच्या पाठीवरच होता. तो त्यांनी हळूच मांडीवर घेतला.

"कधी पाहिलंस?" दंतवैद्याने विचारलं.

"मागच्या रविवारी."

"आणि तू आज सांगतोयस."

"ताईने आठ दिवस मागितले होते."

दंतवैद्य उठला. मीटरला वाटलं तो दाजींच्या अंगावर जाईल. पण तो मीटरच्या समोर आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "त्याने विकलं ते नफ्यासाठी. तू कशासाठी गप्प बसलास? पट्टीवर तुझं नाव होतं म्हणून मी घेतल्या. दाजींच्या नावावर मी चिमूटभर विश्वास ठेवला नसता." आणि तो मामांच्या खोलीकडे निघून गेला.

दुकानात दाजींचं हसणं बघून मीटरला जी किळस आली होती, ती आता स्वतःच्या अंगावरून सरपटत असल्यासारखी वाटली.

पुढच्या गोष्टी लोकांच्या अपेक्षेपेक्षा सावकाश घडल्या. ताईने नवऱ्याशी काय बोलायचं ते बोलून घेतलं. काय बोलली ते कुणाला कळलं नाही, पण एका सकाळी तिने मीटरला बोलावलं आणि दोघांनी मिळून मागच्या खोलीतला सगळा ढीग टेम्पोत भरला. अर्ध्या कामात ताईला वास सहन झाला नाही. ती मोरीत जाऊन ओकली, चूळ भरून आली आणि पुन्हा हातमोजे चढवून कामाला लागली. शहराबाहेर टाकाऊ बॅटऱ्या घेणारं केंद्र होतं, तिथे त्यांनी सगळं उतरवलं. घरी परतल्यावर टेम्पोतून उतरताना ती एवढंच म्हणाली, "तू आठ दिवस द्यायला नको होतेस." मागितले तिनेच होते, पण मीटरने तसं म्हटलं नाही, कारण ती म्हणाली ते खरं होतं.

घड्याळकाकांचं काम गेलं. ते मीटरवर रागावले आणि अजून रस्त्यात दिसले तर तोंड फिरवतात. मीटर त्यांना भेटून छातीच्या डॉक्टरकडे घेऊन जायला गेला होता, त्यांनी दार उघडलं नाही.

दाजी मात्र दोन महिन्यांत क्लबात परत आले. हात जोडून सगळ्यांसमोर चूक कबूल केली, डोळ्यांत पाणी आणलं, ज्याला ज्याला पिवळ्या पट्टीचे पॅक गेले होते त्याला नवे आणून दिले, आणि मामांच्या घरी दर शनिवारी फळं घेऊन जाऊ लागले. मामांचा हात भरत आला होता, दोन बोटं मात्र नीट मिटत नव्हती. मीटर त्यांना भेटायला गेला आणि जसं घडलं तसं सांगून मोकळा झाला. मामांनी ऐकून घेतलं.

"मला त्या बॅटऱ्यांतलं काही कळत नाही," मामा म्हणाले. "गाडीत ते माझा हात धरून होते. तू मागे राहिलास."

"मी पुरावा गोळा करत होतो, मामा."

"असेल," मामा म्हणाले, आणि चहा घेणार का विचारलं.

पाच महिन्यांनी डॉक्टरीणबाईंचं जेट नीट उडत होतं आणि त्यांनी दुसरं बांधायला घेतलं होतं, पहिल्यापेक्षा मोठं. मैदानावरच्या टेबलावर त्यांनी तीन दुकानांतून आणलेले रिसीव्हरचे पॅक मांडले. त्यातला एक दाजींच्या दुकानातला होता. दाजी हल्ली सगळा माल सीलबंद मागवत होते.

मीटरने सकाळपासून तिन्हींवर भार लावला. लेबल न वाचता, एकेक करून, आकडे वहीत लिहीत. मधे दाजी पाण्याच्या बाटल्या घेऊन येऊन गेले. एक बाटली मीटरच्या कोपराशी ठेवली आणि म्हणाले, "ऊन फार आहे, पीत जा." मीटरने मान हलवली. बाटलीला हात लावला नाही. ऊन खरंच फार होतं.

"काय म्हणतात आकडे?" बाईंनी विचारलं.

मीटरने वही त्यांच्याकडे फिरवली. "दाजींचा पॅक सगळ्यांत चांगला आहे. सेल नवे, चारही सारखे. भाराखाली जवळजवळ खाली येत नाही. आणि वजनाला हलका."

"म्हणजे घ्यावा?"

"आकड्यांवर जायचं तर हाच."

"तुमच्या विमानात घालाल तुम्ही?"

मीटरने पॅक हातात घेतला. आवरण गुळगुळीत होतं, कसला वास नव्हता. आत चांगले सेल आहेत हे त्याने स्वतः मोजून पाहिलं होतं. तरी तळहाताला त्याचा स्पर्श नकोसा झाला. त्याने तो टेबलावर ठेवला.

"नाही," तो म्हणाला. "पण त्याला कारण नाही. म्हणजे आकड्यांत नाही. तुम्हाला माझं ऐकायची गरज नाही."

बाईंनी वही मिटली. मग त्यांनी दुसऱ्या क्रमांकाचा पॅक उचलला आणि वजनकाट्यावर ठेवला.

"असे दोन मिळून नव्वद ग्रॅमने जड होतील," त्या म्हणाल्या. "नाकातला बॅटऱ्यांचा ट्रे मागे सरकवावा लागेल."

"चार बोटं," मीटर म्हणाला. "मोजून सांगतो." आणि त्याने खिशातून टेप काढला.